अभय, क्षमा आणि फिर्याद

धमकीचे पत्र हाती पडल्यावर माणसापुढे उभा राहणारा प्रश्न वरवर पाहता केवळ कायद्याचा वाटतो, कारण पोलीस ठाणे, वकील आणि न्यायालय हीच त्याची नेहमीची उत्तरे असतात. परंतु ज्याचे मन भक्तिमार्गाच्या संस्कारात घडले आहे, त्याला त्याच वेळी आणखी एक प्रश्न छळू लागतो. ईश्वरावर भार टाकणाऱ्याने संरक्षणासाठी शासनाकडे धाव घेतली तर त्याची निष्ठा तोकडी ठरते काय, आणि कोणाशीही वैर धरू नये असे मानणाऱ्याने दुसऱ्याविरुद्ध फिर्याद दिली तर त्याने क्षमाधर्म सोडला असे म्हणावे काय, हा तो प्रश्न होय. या प्रश्नाचे उत्तर मिळाले नाही म्हणून अनेक सज्जन माणसे असे पत्र देव्हाऱ्याखाली किंवा कपाटात दडवून ठेवतात, घरातल्यांनाही सांगत नाहीत आणि आपल्या भीतीलाच सहनशीलता असे नाव देतात. भीती आणि क्षमा यांची अशी गल्लत होऊ नये, हा या विवेचनाचा हेतू आहे.

हा प्रश्न रत्नागिरी जिल्ह्यातील पावस या गावाच्या संदर्भात मांडण्यास विशेष कारण आहे. रत्नागिरी शहराच्या दक्षिणेस असलेले हे गाव स्वामी स्वरूपानंदांचे म्हणून महाराष्ट्रभर ओळखले जाते. रामचंद्र विष्णु गोडबोले हे त्यांचे पूर्वाश्रमीचे नाव. १५ डिसेंबर १९०३ रोजी त्यांचा जन्म पावस येथेच झाला आणि १५ ऑगस्ट १९७४ रोजी तेथेच त्यांनी देह ठेवला. पुण्याच्या बाबामहाराज वैद्य यांच्याकडून त्यांना नाथपरंपरेचा अनुग्रह मिळाला होता, आणि ज्ञानेश्वरीचा भावार्थ अभंगवृत्तात उतरवणारी ‘अभंग ज्ञानेश्वरी’ ही त्यांची रचना आजही घरोघरी वाचली जाते. परंतु त्यांच्या चरित्रातली एक बाजू त्यांच्या शांत प्रतिमेमागे बहुधा झाकली जाते: गांधीजींच्या चळवळीत त्यांनी उडी घेतली होती आणि १९३२ साली येरवड्याचा कारावासही भोगला होता. पुढे चाळीस वर्षे पावसच्या देसाई यांच्या घरातील एका खोलीत राहून सोऽहम् साधनेचा उपदेश करणारा हा पुरुष कायदा, शिक्षा आणि तुरुंग यांना अनोळखी नव्हता. अध्यात्म म्हणजे व्यवहारातील अन्यायाकडे पाठ फिरवणे, असा अर्थ त्यांच्या चरित्रातून काढता येत नाही.

दुसरे कारण कोकणच्या जमिनीत आहे. पिढ्यान्‌पिढ्या न वाटलेला सामाईक सातबारा, आंब्याच्या कलमबागेचा वादातला हिस्सा, हातभर सरकवलेला गडगा, वहिवाटीची पायवाट आणि विहिरीवरचा हक्क यांतून येथील भाऊबंदकी पोसली जाते. हिस्सेदारांपैकी काही मुंबईत चाकरमानी, काही गावात, आणि त्यांच्यामधला संवाद पुष्कळदा पत्रांतून. त्यामुळे दहशतीचे शब्दही पत्रातूनच येतात. अशा पत्राखाली बहुधा सही नसते, किंवा ‘तुमचा हितचिंतक’ एवढेच लिहिलेले असते. ‘मे महिन्यात बागेत पाऊल टाकाल तर परत जाणार नाही’, ‘मुलीचे लग्न कसे होते ते बघू’, ‘गावात राहायचे असेल तर खटला काढून घ्या’, अशा धर्तीची त्याची भाषा असते. लिहिणारा बहुधा अनोळखी नसतो, पालखीला खांदा देताना तोच शेजारी उभा असतो, आणि म्हणूनच फिर्यादीचा निर्णय इतका जड जातो.

भयाचे स्वरूप

गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीचे, म्हणजे माणसाला मोक्षाकडे नेणाऱ्या गुणांचे, वर्णन आहे, आणि त्या सव्वीस गुणांच्या मालिकेत पहिले स्थान अभयाला दिले आहे. अहिंसा, सत्य, दया आणि क्षमा हे सर्व गुण त्यानंतर येतात. या क्रमात एक तर्क आहे: भ्यालेल्या माणसाची अहिंसा ही दुर्बलता असू शकते, त्याचे सत्य सोयीपुरते उरते आणि त्याची क्षमा ही पुष्कळदा माघार असते. ज्ञानेश्वरांनी अभयाचा अर्थ दोन अंगांनी उलगडला आहे. कर्तेपणाचा अहंकार उठू न देणे हे एक, आणि दुसरा म्हणून जो भासतो तोही आत्माच आहे या ऐक्यबोधाने भयाची वार्ताच दूर घालवणे हे दुसरे. बृहदारण्यक उपनिषदातही भय हे दुसऱ्यापासूनच उपजते असा विचार आला आहे, आणि स्वामी स्वरूपानंद ज्या सोऽहम् साधनेचा, म्हणजे ‘तो परमात्मा मीच आहे’ या अनुसंधानाचा, उपदेश करीत, तिचे फळही हेच अभय होय.

येथे एक घोटाळा संभवतो. सर्वत्र एकच आत्मा असेल तर धमकी देणारा कोण आणि फिर्याद करणारा कोण, असा आक्षेप घेता येईल. अद्वैत वेदान्ताने या आक्षेपाला फार पूर्वीच उत्तर दिले आहे. पारमार्थिक सत्य, म्हणजे अंतिम दृष्टीने असलेले सत्य, आणि व्यावहारिक सत्य, म्हणजे देह, घर, शेती आणि समाज यांच्या पातळीवर खरे असलेले सत्य, या दोन पातळ्या त्याने वेगळ्या मानल्या, आणि जोवर देहाचा व्यवहार चालू आहे तोवर व्यवहाराचे नियम पाळलेच पाहिजेत असे सांगितले. आत्म्याला विस्तव जाळत नाही हे खरे मानणारा ज्ञानीही पेटलेल्या गंजीवर पाणी ओततोच. ऐक्यबोधामुळे धमकी देणाऱ्याविषयीचा द्वेष गळून पडावा. त्याच्या कृत्याची दखल घेण्याचे कर्तव्य मात्र त्यामुळे गळून पडत नाही.

भक्ताचे लक्षण सांगताना गीतेच्या बाराव्या अध्यायात आणखी एक महत्त्वाची गोष्ट आली आहे. ज्याच्यापासून लोकांना उद्वेग होत नाही आणि ज्याला लोकांपासून उद्वेग होत नाही, तो भक्त भगवंताला प्रिय आहे, असे तेथे म्हटले आहे. हा गुण दुहेरी आहे: स्वतः न भिणे आणि दुसऱ्याला न भिवविणे. धमकीचे पत्र या दोन्ही अंगांवर घाला घालते, कारण लिहिणाऱ्याने दुसऱ्याला भिववून स्वतःचे माणूसपण उणे केलेले असते आणि वाचणाऱ्याला भयाच्या हवाली केलेले असते. म्हणून अशा पत्राची कायदेशीर दखल घेणे हे केवळ स्वतःचा बचाव ठरत नाही, तर लोकांत भय पसरविण्याच्या एका कृतीला अटकाव करणे ठरते.

कायदा धमकी कशाला म्हणतो

भारतीय दंड संहिता, १८६०, हिच्या जागी १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, २०२३, लागू झाली आहे. जुन्या संहितेच्या कलम ५०३, ५०६ आणि ५०७ मध्ये विखुरलेला गुन्हेगारी स्वरूपाच्या धमकीचा विषय नव्या संहितेने कलम ३५१ मध्ये एकत्र केला आहे. दुसऱ्याच्या शरीराला, नावलौकिकाला किंवा मालमत्तेला, अथवा तो ज्याच्याशी जिव्हाळ्याने बांधलेला आहे अशा व्यक्तीला, हानी पोहोचविण्याची धमकी देणे, आणि ती त्याला घाबरविण्याच्या किंवा त्याच्या इच्छेविरुद्ध काही करावयास अथवा टाळावयास लावण्याच्या उद्देशाने देणे, हा या गुन्ह्याचा गाभा आहे. दिवंगत व्यक्तीच्या नावलौकिकावर डाग लावण्याची धमकीही यात मोडते; वडिलांच्या मागे त्यांच्या नावाला काळिमा फासण्याची भीती घालणाऱ्यालाही कायदा मोकळा सोडत नाही. साध्या धमकीला दोन वर्षांपर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही. मृत्यू, जबर दुखापत किंवा आग लावून मालमत्ता नष्ट करणे यांसारख्या गंभीर धमकीला, तसेच स्त्रीच्या चारित्र्यावर शिंतोडे उडविण्याच्या धमकीला, सात वर्षांपर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही. आणि निनावी पत्राने किंवा ओळख लपवून धमकी दिली असेल तर त्याशिवाय आणखी दोन वर्षांपर्यंत कारावास, अशी शिक्षेची चढण आहे. नाव लपविणाऱ्याला अधिक दोषी मानण्यात नैतिक दृष्टीही आहे, कारण तो समोरच्याला उत्तर देण्याची संधीच नाकारतो आणि त्याच्या मनात साऱ्या गावाविषयी संशय पेरतो.

या व्याख्येत आणखी एक मर्यादा गृहीत आहे. ‘हानी’ म्हणजे बेकायदेशीरपणे पोहोचविलेली हानी असा संहितेचा अर्थ असल्याने, दिवाणी दावा लावू किंवा पोलिसांकडे जाऊ, असे वकिलामार्फत कळविणे ही या अर्थाने धमकी होत नाही. वकिलाची नोटीस वाचून अंगाला कंप सुटला तरी ते संवादाचे एक रूप असते. तिच्यात दिलेल्या मुदतीत वकिलामार्फत मुद्देसूद उत्तर देणे हेच योग्य होय, कारण मौन पाळल्यास तिच्यातील विधाने मान्य होती असा अर्थ पुढे न्यायालयात काढला जाण्याचा संभव असतो. याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे: ज्याला धमकी आली त्याने ‘मी न्यायालयात दाद मागेन’ असे म्हणणे ही उलट धमकी होत नाही. क्षमाशील माणसाच्या मनातली बोच पुष्कळदा येथेच असते, आणि ती अनाठायी आहे.

धमकीला पैशाची किंवा मालमत्तेची मागणी जोडलेली असेल, तर प्रकरण कलम ३०८ खालील खंडणीकडे वळते, जी अधिक गंभीर मानली जाते. परंतु धर्मविचाराच्या दृष्टीने सर्वांत लक्षणीय तरतूद कलम ३५४ ची, म्हणजे जुन्या कलम ५०८ ची, आहे. अमुक गोष्ट केली नाही किंवा केली तर देवाचा कोप होईल, असे एखाद्याला भासवून त्याच्याकडून त्याच्या कायदेशीर हक्काविरुद्ध वर्तन करवून घेणे हा गुन्हा असून त्यास एक वर्षापर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. १८६० च्या संहितेत या कलमाखाली दिलेले उदाहरण धरण्याचे होते: एखादा माणूस दुसऱ्याच्या दारात, आपण बसल्याने त्याच्यावर दैवी कोप ओढवेल असे वाटावे या हेतूने, धरणे धरून बसतो. कर्जवसुलीसाठी ऋणकोच्या दारात उपाशी बसण्याची ही जुनी चाल मराठी मुलखातही होती; दारात बसलेल्याचा प्राण गेला तर त्याचे पातक घरमालकाच्या माथी, हा तिच्यामागचा धाक होता. देवाचे नाव घेऊन दिलेला धाक हाही धाकच असतो, हे कायद्याने दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी ओळखले, आणि ही दृष्टी भक्तिपरंपरेशी विसंगत नाही. उलट ज्याच्या नावाने अभय मिळावे त्याच्याच नावाने भय घालणे हा त्या नावाचा उपमर्द आहे.

कोकणात ‘देवस्की’, ‘करणी’ आणि ‘मूठ मारणे’ यांची भीती आजही पुरती गेलेली नाही, आणि पत्रासोबत लिंबू, कुंकू किंवा अंगारा पाठविण्याची कल्पना कोणाला अपरिचित नाही. महाराष्ट्रात २०१३ साली झालेल्या नरबळी व अघोरी प्रथा यांविरुद्धच्या कायद्याच्या अनुसूचीत, भूतपिशाच्चांना आवाहन करण्याची धमकी देऊन लोकांत घबराट पसरविण्याचा समावेश आहे, आणि त्यास सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कारावास व दंड अशी शिक्षा आहे. गावकीने किंवा जातपंचायतीने वाळीत टाकण्याची धमकी दिली, तर सामाजिक बहिष्कारविरोधी स्वतंत्र अधिनियम २०१६ साली संमत होऊन २०१७ पासून अमलात आला आहे. बहिष्कार घालणाऱ्यास त्याखाली तीन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. सामाजिक बहिष्काराचे दाहक अनुभव रत्नागिरी आणि रायगड या जिल्ह्यांनी घेतले असल्याने येथील वाचकास या कायद्याचे मोल वेगळे सांगावयास नको.

दाद मागण्याची वाट

कायद्याची वाट पत्र जपण्यापासून सुरू होते. रागाच्या भरात किंवा अशुभ वस्तू घरात नको म्हणून पत्र फाडणे, जाळणे अथवा समुद्रात सोडणे म्हणजे आपल्याच बाजूचा साक्षीदार गमावणे होय. पत्र कमीत कमी हाताळून, पाकिटासह, स्वच्छ कागदाच्या घडीत ठेवावे. पाकिटावरचा टपालाचा शिक्का, तारीख, पत्त्याचे हस्ताक्षर आणि चिकटविण्याची रीतही तपासात बोलकी ठरू शकते. त्याच्या छायाप्रती काढून, पत्र कोणत्या दिवशी, कोणाच्या हाती, कोणासमोर आले याची नोंद त्याच दिवशी करून ठेवावी. पत्राला उत्तर देऊ नये, लिहिणाऱ्याचा शोध घेत दारोदार फिरू नये आणि संशयिताचे नाव चावडीवर घेऊ नये. गीतेच्या दैवी गुणांत अपैशुन, म्हणजे चहाडी न करणे, हाही एक गुण आहे. ज्याच्याविषयी पुरावा नाही त्याचे नाव कुजबुजीतून फिरविणे हा त्याचा भंग आहे, आणि त्यामुळे उलट अब्रुनुकसानीचा प्रसंग ओढवतो तो वेगळाच.

पोलीस ठाण्यात गेल्यावर सामान्य माणसाचा पहिला अपेक्षाभंग तेथेच होतो, म्हणून कायद्यातील एक भेद आधीच समजून घ्यावा. दखलपात्र गुन्हा म्हणजे ज्यात पोलीस न्यायालयाच्या आदेशाची वाट न पाहता तपास सुरू करू शकतात असा गुन्हा, आणि अदखलपात्र गुन्हा म्हणजे ज्यात तसा तपास करण्यास दंडाधिकाऱ्याची परवानगी लागते असा गुन्हा. न्याय संहितेच्या कलम ३५१ खालील धमकी, फौजदारी प्रक्रियेच्या नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेला जोडलेल्या केंद्रीय अनुसूचीनुसार, अदखलपात्र आहे, तर खंडणी दखलपात्र आहे. म्हणून नुसत्या धमकीच्या पत्राबाबत पोलिसांनी अदखलपात्र नोंद घेऊन, जिला बोलीभाषेत ‘एन.सी.’ म्हणतात, तक्रारदाराला न्यायालयाकडे जाण्यास सांगितले, तर ती नेहमीच टाळाटाळ असते असे नव्हे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७४ ची ती रीत आहे. तक्रारदाराने त्या नोंदीची प्रत घ्यावी, आणि तपासाचा आदेश मिळावा म्हणून दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करावा किंवा कलम २२३ खाली थेट खासगी फिर्याद दाखल करावी. पत्रातील मजकूर मात्र खंडणीचा किंवा दुसऱ्या दखलपात्र गुन्ह्याचा असूनही प्रथम खबर अहवाल नोंदवला जात नसेल, तर कलम १७३ प्रमाणे जिल्हा पोलीस अधीक्षकांना लेखी कळविता येते, आणि तेथेही दाद लागली नाही तर दंडाधिकाऱ्याकडे जाता येते. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाल्यावर तो नोंदविणे पोलिसांवर बंधनकारक असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१३ मध्ये ललिता कुमारी प्रकरणात दिला आहे.

शिक्षेपेक्षा शांतता हवी असणाऱ्यांसाठी दोन मार्ग विशेष उपयोगाचे आहेत. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १२६ खाली कार्यकारी दंडाधिकारी, एखादी व्यक्ती शांततेचा भंग करण्याची शक्यता आहे असे दिसल्यास, तिच्याकडून एक वर्षापर्यंत शांतता राखण्याचे बंधपत्र मागू शकतात. यात गुन्हेगार असा शिक्का बसत नाही, पण पुढचे पाऊल टाकण्यापूर्वी हात थबकतो. मूळ वाद बांधाचा, वाटेचा किंवा हिश्शाचा असेल तर दिवाणी न्यायालयाकडून मनाई हुकूम, म्हणजे अमुक कृती करू नये असा आदेश, मिळविता येतो, आणि वाद मुळातून मिटविण्याची शक्यता याच मार्गात अधिक असते. खर्चाच्या भीतीने मागे राहणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे की विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७, याच्या कलम १२ नुसार स्त्रिया, बालके आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर साहाय्याचा हक्क आहे, आणि त्यासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी विधी सेवा प्राधिकरण असते.

तेज आणि क्षमा

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. गीतेच्या दैवी गुणांच्या यादीत तेज आणि क्षमा ही दोन नावे लागोपाठ आली आहेत, आणि महाभारताच्या वनपर्वात नेमका याच जोडीचा विचार आहे. वनवासात द्रौपदी युधिष्ठिराला प्रल्हाद आणि त्याचा नातू बळी यांचा संवाद सांगते. सदा तेज बरे की सदा क्षमा बरी, असे नातू विचारतो, तेव्हा नेहमी तेजही श्रेयस्कर नाही आणि नेहमी क्षमाही नाही, असे आजोबा उत्तर देतात. पूर्वी उपकार केलेल्याला, अजाणतेपणी चुकलेल्याला आणि पहिल्यांदाच अपराध केलेल्याला क्षमा करावी. परंतु जाणूनबुजून अपराध करून वर अजाणतेपणाचा आव आणणाऱ्याला, अपराध लहान असला तरी, शासन व्हावे, असा विवेक प्रल्हाद सांगतो. त्यावर युधिष्ठिर क्षमेचे माहात्म्य गातो, आणि महाभारतकार दोन्ही बाजू ठेवून देतात. रत्नागिरीत जन्मलेल्या लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘गीतारहस्या’त कर्माकर्माच्या पेचांची चर्चा करताना याच संवादाचा आधार घेतला, आणि निर्वैर असणे म्हणजे दुष्टाचा प्रतिकार न करणे नव्हे, तर तो प्रतिकार करताना मनात वैरबुद्धी न ठेवणे होय, असे प्रतिपादन केले.

टिळकांच्या या भूमिकेवर असा आक्षेप येऊ शकतो की प्रतिकार आणि निर्वैरता यांचा मेळ ग्रंथात बसतो, माणसात बसत नाही. त्याचे उत्तर इतिहासातच शोधावे लागते. दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्ग येथे १९०८ साली, हिंदी लोकांच्या नोंदणीविषयी सरकारशी झालेल्या तडजोडीनंतर, नोंदणी करून घेण्यास जो प्रथम जाईल त्याला ठार मारीन, अशी धमकी एका पठाणाने सभेत दिली, आणि १० फेब्रुवारी रोजी नोंदणीस निघालेल्या गांधीजींवर मीर आलम व त्याच्या साथीदारांनी खरोखरच हल्ला केला. शुद्धीवर आल्यावर गांधीजींनी हल्लेखोरांना सोडून द्यावे, असे सरकारला कळविले आणि त्यांची सुटकाही झाली. परंतु शहरातील गोऱ्या रहिवाशांनी हरकत घेतली: हल्ला भर रस्त्यात झाला, तेव्हा हा गुन्हा केवळ गांधींविरुद्ध नसून साऱ्या शहराविरुद्ध आहे. हल्लेखोर पुन्हा पकडले गेले आणि त्यांना तीन महिन्यांची सक्तमजुरी झाली. या प्रसंगात गांधीजी किंवा हरकत घेणारे रहिवासी चुकले असे म्हणता येत नाही. स्वतःवरचा घाव माफ करण्याचा अधिकार गांधीजींचा होता आणि तो त्यांनी वापरला. इतरांच्या सुरक्षिततेचा प्रश्न मात्र त्यांच्या एकट्याच्या क्षमेने सुटणारा नव्हता.

कोकणच्या भूमीतील उदाहरण याहून बोलके आहे. महाड येथे २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाने चवदार तळ्याचे पाणी घेतल्यावर, देवळात शिरण्याची अफवा उठवून जमावाने परतणाऱ्या प्रतिनिधींना मारहाण केली. प्रतिनिधींत लष्करात नोकरी केलेले अनेक जण होते आणि प्रतिहल्ला करण्याची त्यांची तयारीही होती. आंबेडकरांनी त्यांना शांत राहण्यास सांगितले आणि फिर्याद दिली. जून महिन्यात हल्लेखोरांपैकी पाच जणांना चार महिन्यांची सक्तमजुरी झाली. डिसेंबरमध्ये सत्याग्रहासाठी हजारो लोक महाडला जमत असताना, सनातनी मंडळींनी दिवाणी न्यायालयातून तात्पुरता मनाई हुकूम आणला. आंबेडकरांनी तो मानून सत्याग्रह पुढे ढकलला आणि खटला लढविला. दहा वर्षांनंतर, १७ मार्च १९३७ रोजी, मुंबई उच्च न्यायालयात निकाल त्यांच्या बाजूने लागला. हात उचलण्याची शक्ती असताना तो आवरणे, अन्याय न सोसणे आणि कायदा प्रतिकूल असतानाही तो मानून त्याच्याच मार्गाने न्याय मिळविणे, या तीन गोष्टी येथे एकाच पुरुषाच्या वर्तनात एकत्र आल्या. ‘मेळ माणसात बसत नाही’ या आक्षेपाला याहून समर्पक उत्तर नाही.

अलीकडच्या काळात अंधश्रद्धाविरोधी कार्यकर्ते डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या वर्तनातही स्वतःचा प्रश्न आणि इतरांची सुरक्षितता यांतला हाच भेद दिसतो. त्यांना धमक्या येत होत्या आणि त्यांनी स्वतःसाठी पोलीस संरक्षण नाकारले होते. मात्र देवाच्या आणि भुताच्या नावाने लुबाडल्या जाणाऱ्या इतरांसाठी कायदा व्हावा म्हणून ते वर्षानुवर्षे झटले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली, त्याच महिन्यात अध्यादेश निघाला आणि डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. स्वतःपुरते संरक्षण नाकारणाऱ्यानेही इतरांसाठी कायद्याचे संरक्षण अनावश्यक मानले नाही, ही गोष्ट मनन करण्याजोगी आहे.

पैठणच्या एकनाथांनी अंगावर वारंवार थुंकणाऱ्याला क्षमा केल्याची कथा सांगून कोणी म्हणेल की संतांचा मार्ग सोसण्याचाच आहे. परंतु त्या कथेत अपमान एकनाथांच्या एकट्याच्या अंगावर होता. वाटेत कोणी विधवेच्या दारात तेच केले असते आणि एकनाथांनी तिच्या वतीने परस्पर क्षमा करून टाकली असती, तर त्या कथेला संतकथा म्हणता आले नसते. ज्याच्यावर अन्याय झाला त्यालाच क्षमेचा अधिकार असतो. दुसऱ्यावरील अन्यायाची क्षमा कोणी आपल्या खात्यावर करू शकत नाही. विशेष म्हणजे कायद्यालाही हा विवेक ठाऊक आहे. साध्या धमकीचा गुन्हा तडजोडयोग्य आहे, म्हणजे धमकावलेली व्यक्ती ठरवील तर तो मिटविता येतो. परंतु खंडणी, जिचा धाक एका घरापुरता राहत नाही, ती मिटविणे फिर्यादीच्या हाती ठेवलेले नाही. दंडनीतीने क्षमेसाठी राखलेली ही जागा ज्याला माहीत आहे, त्याला फिर्याद म्हणजे परतीचे दोर कापणे असे वाटण्याचे कारण नाही.

फिर्यादीचा धर्म

या विवेचनातून साधकाने स्वतःला विचारावयाचे चार प्रश्न निघतात. फिर्यादीत लिहिलेला शब्द न शब्द खरा आहे काय, की वचक बसावा म्हणून त्यात भर घातली आहे. समोरच्याचे वाईट व्हावे ही इच्छा मनात आहे काय, की धाक थांबावा एवढीच इच्छा आहे. या धमकीने आपल्याशिवाय आणखी कोणी, विशेषतः घरातील स्त्रिया, मुले, कूळ किंवा मजूर, भयभीत झाले आहेत काय. आणि समोरचा पश्चात्तापाने आला तर त्याच्यासाठी दार उघडे आहे काय. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे फिर्यादीची शुद्धता ठरवतात, तिसऱ्याचे उत्तर तिची आवश्यकता ठरवते आणि चौथ्याचे उत्तर तिचा शेवट ठरवते. दुसऱ्याला भय वाटत असताना स्वतःच्या मोठेपणासाठी फिर्याद टाळणे हा अहंकाराचाच एक प्रकार आहे, आणि अभयाच्या आड सर्वप्रथम येतो तो अहंकारच, हे ज्ञानेश्वरांनी दाखवून दिलेच आहे.

कायद्याची वाट लांब, खर्चाची आणि कधी कधी निराश करणारी असते, हे नाकारण्यात अर्थ नाही. निकाल लागेपर्यंत फिर्यादीला त्याच वाडीत, त्याच विहिरीवर, त्याच माणसासमोर दिवस काढावे लागतात, आणि ‘गावची अब्रू कोर्टात नेली’ हा बोलही त्यालाच ऐकावा लागतो. येथे जबाबदारी त्याच्या एकट्याची उरत नाही. देवस्थानचे विश्वस्त, गावकीचे जाणते आणि एका पंगतीत प्रसाद घेणारे भक्तजन यांनी धमकावलेल्या माणसाबरोबर पोलीस ठाण्यापर्यंत चालत जावे, साक्षीला उभे राहावे आणि मूळ वादात मध्यस्थी करण्याची तयारी दाखवावी. त्याला घरात गाठून ‘सोडून द्या, देव बघून घेईल’ असा सल्ला देणे म्हणजे धमकी देणाऱ्याचेच काम सोपे करणे होय. अभय हा गुण व्यक्तीने साधनेने मिळवावयाचा असला, तरी अभय देणे हे समाजाचे कर्तव्य आहे, आणि कायदा हे त्या कर्तव्याचे लेखी रूप आहे. म्हणून खऱ्या शब्दांत, वैराशिवाय आणि इतरांच्या रक्षणासाठी दिलेली फिर्याद ही भक्तीतील उणीव नसून भक्ताने व्यवहारात केलेले कर्तव्यकर्म आहे, आणि भय ओसरल्यावर, दुसऱ्याचा हक्क न बुडवता, स्वेच्छेने केलेली क्षमा हीच क्षमा या नावास पात्र आहे.